औषधांची पिशवी उघडा, फार्मासिस्टला विचारा

२५ सप्टेंबर जवळ आला की जळगाव, चोपडा, फैजपूर, धुळे, शिरपूर इथल्या फार्मसी महाविद्यालयांत फलक रंगवायची लगबग सुरू होते. पांढऱ्या कोटातली मुलं-मुली बाजारपेठेतून फेरी काढतात, चौकात पथनाट्य होतं, पत्रकं वाटली जातात. हा जागतिक फार्मासिस्ट दिन. १९१२ साली याच तारखेला हेग शहरात आंतरराष्ट्रीय फार्मसी संघटना स्थापन झाली आणि २००९ मध्ये इस्तंबूलच्या अधिवेशनात हा दिवस फार्मासिस्टच्या नावे ठरला. आपल्याकडे त्याला जोड मिळते ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या राष्ट्रीय फार्मसी सप्ताहाची.

उत्साहाची कमतरता नाही. मात्र फेरी पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिला, तर त्याने काय वेगळं विचारावं, हे त्याला कळलेलं असायला हवं. जनजागृतीचं यश तिथे मोजायचं. फार्मासिस्ट महत्त्वाचा आहे असं सांगून लोक विसरून जातात. त्याच फार्मासिस्टने त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांमधला एक घोळ दाखवून दिला, तर ते जन्मभर लक्षात ठेवतात. म्हणून जळगाव-धुळे पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांनी घोषणांच्या जोडीला प्रत्यक्ष सल्ल्याचं काम कसं उभं करावं, याचा हा आराखडा.

पहिल्यांदा ओळख

गावात फार्मासिस्टला ‘मेडिकलवाला’ म्हणतात. दुकान कोणाचं, गोळ्या कोण देतो आणि त्यातला नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण, हा फरक बहुतेकांना ठाऊक नसतो. विद्यार्थ्यांनी सुरुवात इथून करावी. डी.फार्म.साठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. बी.फार्म. चार वर्षांचं, तर २००८ पासून सुरू झालेलं फार्म.डी. सहा वर्षांचं असतं. शिक्षण झाल्यावर १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध अशा नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी तर रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं आहे. औषधाचं नाव, ते कशासाठी, किती, केव्हा आणि किती दिवस घ्यायचं, नेहमीचे दुष्परिणाम कोणते, ठेवायचं कुठे, डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे काउंटरवर प्रश्न विचारणारा ग्राहक कोणाचा वेळ खात नाही. कायद्याने त्याच्यासाठी ठेवलेली सेवा तो मागतो आहे. दुकानाच्या दर्शनी भागात लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र बघायला लोकांना शिकवणं, हा या ओळखीचा सर्वांत सोपा धडा.

फार्मासिस्टच्या बोलण्याने रुग्णाचं काय भलं होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ॲशव्हिल शहराच्या पालिकेने १९९६ मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांची गाठ प्रशिक्षित फार्मासिस्टांशी घालून दिली. ठरलेल्या भेटी, औषधांची उजळणी, साखर मोजायचा सराव, एवढंच काम होतं. कर्मचाऱ्यांची साखर आटोक्यात आली आणि त्यांच्या उपचारांवरचा एकूण खर्चही उतरला. आपल्याकडे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईतल्या औषध दुकानदारांना क्षयरोगाच्या डॉट्स उपचारात सामील करून घेतलं होतं. दोन्ही ठिकाणी कामाचा गाभा साधा होता. काउंटरमागचा माणूस रुग्णाशी नेमाने बोलला, इतकंच.

पिशवी तपासणी: कामाचा कणा

खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक घरात औषधांची एक पिशवी असते. जुन्या चिठ्ठ्या, अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, मागच्या पावसाळ्यातलं खोकल्याचं औषध, शेजारणीने दिलेल्या सांधेदुखीच्या गोळ्या, सगळं एकत्र. ‘घरातली औषधांची पिशवी घेऊन या’ एवढीच दवंडी द्यावी आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा शाळेच्या वर्गात टेबल मांडावं.

एका टेबलावर दोन विद्यार्थी आणि त्यांच्या पाठीशी एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेले शिक्षक, ही रचना बरी. एका रुग्णाला दहा मिनिटं तरी द्यावीत. सगळी औषधं टेबलावर काढून आधी मुदत संपलेली बाजूला करावीत. मग एकेक स्ट्रिप हातात देऊन ‘ही कशासाठी घेता? केव्हा घेता?’ एवढंच विचारावं आणि ऐकून घ्यावं. घोळ इथेच उघडे पडतात. दोन वेगळ्या ब्रँडच्या गोळ्या निघतात आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद असते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, ती नाश्त्यानंतर घेतली जाते. काही गोळ्या मुळातच आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात. संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे त्यातलं ठळक नाव. ती रोज घेतली गेली तर जीवावर बेतू शकतं. अशी स्ट्रिप दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क करून द्यावा.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर चित्रं काढून द्यावीत. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर, त्यांच्या खाली गोळ्यांइतके ठिपके. जेवणानंतरची गोळी असेल तर ताटाचं चित्र. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्याचा उपयोग महिनाभर होतो. स्ट्रिप कापून घेताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपायचा, हेही तिथल्या तिथे कात्री घेऊन दाखवावं.

पावडरची बाटली हातात घेऊन

लहान मुलांसाठी अँटिबायोटिकची पावडर असलेली बाटली मिळते. आईला ती घरी नीट तयार करता आली नाही, तर मुलाला डोस कमी तरी जातो किंवा जास्त. हे प्रात्यक्षिक प्रत्येक शिबिरात ठेवावं, आणि विद्यार्थ्याने करून दाखवल्यावर एखाद्या आईकडूनही करून घ्यावं.

बाटली आधी हलवून तळाला बसलेली पावडर मोकळी करायची. सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तेच पाणी, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून झाकण लावायचं आणि जोरात हलवायचं. फेस खाली बसू द्यायचा. इथे घाई केली की फेसालाच पाणी समजून खूण गाठली जाते आणि औषध घट्ट राहतं. फेस बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरायचं. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहायची, लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं आणि दरवेळी देण्याआधी हलवायचं. मोजायला सोबतचं टोपण किंवा ड्रॉपर वापरायचं. स्वयंपाकघरातला कुठला चमचा पाच मिलिलिटरचा, हे चमचा बघून सांगता येत नाही.

याच टेबलावर खोकल्याच्या सिरपचा विषय काढावा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात एका सिरपमुळे वीसहून अधिक मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत. तेव्हा संशयित बॅच नंबर जाहीर करून लोकांना सावध केलं गेलं. ज्या घरात बाटली आणि बिल जपलेलं होतं, त्या घरालाच आपली बाटली त्यातली आहे का हे पडताळता आलं. बिल मागायचं ते याच्यासाठी. ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो मोबाईलने कसा वाचायचा, हे कॉलेजच्या मुलांनी गावातल्या दहावी-बारावीच्या पोरांना शिकवावं. घरोघरी तीच पोरं ते काम करतील.

खानदेशचा उन्हाळा आणि औषधं

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि त्याच घरात खिडकीच्या कोनाड्यात इन्सुलिन ठेवलेलं असतं. मुंबई-पुण्याच्या पत्रकांत या गोष्टीला एक ओळ मिळते. इथे तिच्यावर अख्खं सत्र घ्यावं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवायचं; बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत लेबलवर बघावी. फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल तर मातीची दोन मडकी कामी येतात. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन आणि वरून ओलं फडकं. खानदेशची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने आतला गारवा चांगला टिकतो. विद्यार्थ्यांनी अशी जोडी मांडून आत थर्मामीटर ठेवावा आणि भरदुपारी आतलं-बाहेरचं तापमान लोकांना वाचून दाखवावं. मोटारसायकलची डिकी आणि ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड या औषध ठेवायच्या जागा नव्हेत, हे मजुरांना आणि शेतकऱ्यांना आवर्जून सांगावं.

केळीच्या बागेत आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्यांसाठी दुसरा विषय ओआरएसचा. २०.५ ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यात आणि ४.२ ग्रॅमची छोटी २०० मिलिलिटरमध्ये. अर्ध्या पुडीचं अर्धा ग्लास करत बसायचं नाही. तयार पाणी २४ तासांत संपवायचं. ‘ओआरएस’ असं मोठ्या अक्षरात छापलेली गोड पेयं बरीच वर्षं दुकानांत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. जुलाब होणाऱ्या बाळाला जादा साखरेचं पेय दिलं तर जुलाब वाढू शकतात, म्हणून पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्यायचा.

लाल रेघ

अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ही खूण. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिच्यासाठी खास मोहीम काढली होती. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून, शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यातली औषधं देताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. हे लोकांना सांगितलं की चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराचा राग येत नाही. केरळमध्ये अँटिबायोटिक निळ्या पाकिटात द्यायची मोहीम राबवली गेली. जळगाव-धुळ्यातल्या विद्यार्थ्यांनीही तालुक्यातल्या दुकानदारांशी बोलून ‘पूर्ण कोर्स करा, उरलेली गोळी कोणाला देऊ नका’ असा शिक्का असलेली पाकिटं तयार करून द्यावीत. खर्च थोडा, आणि मजकूर थेट रुग्णाच्या हातात.

सातपुड्याच्या पायथ्याशी

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेला पावरा, भिल्ल, तडवी समाजांच्या वस्त्या आहेत. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तपासण्या होऊ लागल्या. तपासणीनंतरचं काम फार्मासिस्टचंही आहे. हायड्रॉक्सीयुरिआ डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर ते दुखत नसतानाही रोज घ्यायचं, ठरल्या वेळी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि दिवस राहिले किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. क्षयरोगाच्या उपचारातही त्रास थांबला की औषध सुटतं, ही अडचण. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि गोळ्या थांबतात. २०१८ पासून क्षयाची औषधं देणाऱ्या दुकानदारालाही रुग्णाची माहिती सरकारला कळवावी लागते, आणि रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. विद्यार्थ्यांनी गावच्या आशाताईला सोबत घेऊनच या वस्त्यांवर जावं. तिच्या शब्दाला तिथे मान आहे आणि पुढचा पाठपुरावाही तिच्याच हाती असतो.

बोलीचा विचार इथे आधी करावा. धुळे, अमळनेर, पारोळा भागात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, पायथ्याला पावरी आणि भिलोरी, चाळीसगावच्या तांड्यांवर गोरबोली. प्रत्येक वर्गात या बोली घरी बोलणारी मुलं असतातच. टेबलावर पुढे त्यांना बसवावं. ‘हाई गोयी कव्हय लेतस?’ असं जिभाऊला विचारलं की ते सरळ बोलू लागतात. बायकांच्या दुखण्यांबद्दल विद्यार्थिनींनीच बोलावं, थोडं आडोशाला बसून.

विद्यार्थ्यांनी पाळायच्या मर्यादा

विद्यार्थी अजून नोंदणीकृत फार्मासिस्ट नसतो, हे भान क्षणभरही सुटू नये. औषध द्यायचं नाही, डोस बदलायचा नाही, ‘ही बंद करा’ असं म्हणायचं नाही. शंका आली की शिक्षकाकडे, आणि गरज पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. जनऔषधी दुकानांतल्या स्वस्त औषधांची माहिती जरूर द्यावी, पण चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी दुसरं औषध घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगावं. कोणत्याही डॉक्टरबद्दल किंवा दुकानाबद्दल रुग्णासमोर वाईट बोलू नये. चिठ्ठ्यांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा.

औषध घेतल्यावर पुरळ, सूज, चक्कर असं काही झाल्याचं कोणी सांगितलं तर ते वाया जाऊ देऊ नये. भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे आणि रुग्णाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. शिक्षकांच्या मदतीने तो तिथेच भरून घ्यावा. औषधाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५.

वर्षाची आखणी

एका दिवसाच्या कार्यक्रमाने सवय बदलत नाही. वर्षभरात चार मुक्काम धरावेत. १७ ते २३ सप्टेंबर हा औषध-सुरक्षा सप्ताह आणि लगेच २५ सप्टेंबर, म्हणजे पहिली पिशवी तपासणी. नोव्हेंबरात १४ तारखेचा मधुमेह दिन, फार्मसी सप्ताह आणि १८ ते २४ दरम्यानचा अँटिबायोटिक-प्रतिरोध जागृती सप्ताह जवळजवळ येतात. तेव्हा लाल रेघ आणि इन्सुलिन. हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात असतंच. त्यातला एक पूर्ण दिवस फार्मसीच्या मुलांनी मागून घ्यावा. २४ मार्चच्या क्षयरोग दिनानंतर उन्हाळ्याची सत्रं घ्यावीत. मधल्या काळात गावातल्या एखाद्या दुकानदाराच्या परवानगीने आठवड्यातून एक संध्याकाळ काउंटरशेजारी उभं राहून, औषध घेऊन निघालेल्या रुग्णाला ते कसं घ्यायचं हे समजावून सांगावं. डी.फार्म.च्या सोशल फार्मसी आणि कम्युनिटी फार्मसी या विषयांचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मिळणार नाही.

हिशेबही ठेवावा. शिबिराआधी तीनच प्रश्न विचारावेत: लाल रेघेचा अर्थ काय, बिल घेता का, तुमच्या दुकानातला फार्मासिस्ट कोण? महिन्याभराने त्याच घरी जाऊन तेच तीन प्रश्न पुन्हा. उत्तरं बदलली नसतील तर पुढच्या वेळी सांगायची पद्धत बदलावी. हे आकडे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापावेत, म्हणजे पुढच्या तुकडीला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी यासाठी दत्तक गाव आत्ताच ठरवावं आणि तालुक्याच्या औषध विक्रेता संघटनेला पत्र द्यावं. आणि वाचकांनी पुढच्या खेपेला मेडिकलवर गेल्यावर पैसे देऊन लगेच निघू नये. फार्मासिस्ट कोण ते विचारावं, गोळी केव्हा आणि किती दिवस घ्यायची ते त्यांच्याकडून समजून घ्यावं आणि बिल घेऊनच दुकानातून बाहेर पडावं.